कोळेकर मास्तरांचे कुरव

सांगलीत राहून स्वतःला समुद्रपक्ष्यांचा अभ्यासक म्हणवून घेणारा माणूस मी. सांगलीपासून समुद्र आंबा घाट उतरून चांगला पाच तास लांब आहे. आमच्याकडे कृष्णा आहे आणि पुराच्या दिवसांत ती समुद्रासारखी दिसते, एवढाच काय तो आमचा समुद्राशी संबंध. तरीही माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या व्हिजिटिंग कार्डावर मी नावाखाली 'समुद्रपक्षी अभ्यासक' असं छापून घेतलं होतं. त्यातली बरीच कार्डं अजून घरात आहेत. मागची बाजू कोरी असल्यामुळे बायको त्यांवर वाणसामानाच्या याद्या करते.

या अभ्यासकाला शिकवलं कुणी, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "आमच्या कोळेकर मास्तरांनी." समोरच्याला वाटायचं, कुणी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असतील. मी तो समज दूर करायच्या भानगडीत पडत नसे. मायाप्पा कोळेकर हे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर होते, आणि आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते जवळचा चष्मा करायला. उंच, काटक, रापलेला चेहरा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलो होतो. ते स्टुलावर बसून भिंतीवरच्या फ्रेमा बघत होते. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "एकशे सव्वीस हायत. एकीची काडी मोडल्याली हाय, ती धरून."

"काय एकशे सव्वीस?"

"चष्मं."

ते गेल्यावर मी फ्रेमा मोजल्या. पहिल्यांदा एकशे एकोणीस भरल्या, दुसऱ्यांदा एकशे एकतीस. तिसऱ्यांदा बायकोने मोजल्या. एकशे सव्वीस. मोडक्या काडीची फ्रेम अगदी वरच्या ओळीत होती. ती मोडली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मास्तर मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरांमागे फिरायचे. सांजेला मेंढरं जाळीच्या वाघरात शिरताना ती मोजायचं काम लहानपणापासून यांच्याकडे. पुढे एसटीत लागले आणि मेंढरांच्या जागी उतारू आले. "मेंढरू बरं," ते म्हणायचे, "शीटाखाली लपत न्हाई." मोजणं हा त्यांचा छंद नव्हता. सवयही नव्हती. आपण श्वास घेतो तसं ते मोजायचे. कुपवाडात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथं मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने, काकींनी, चहा पुढे करत सांगितलं, "आवं, लग्नात आंतरपाट धरल्याला, आन् हे पलीकडनं वऱ्हाड मोजत हुतं. आमच्या बानं पन्नास माणूस सांगितल्यालं. हे भटजीला म्हणालं, बाहात्तर हायत."

"बाहात्तरच हुतं," मास्तर म्हणाले.

कुरव, म्हणजे सीगल, त्यांच्या आयुष्यात आले ते मुक्कामी गाडीमुळे. सांगलीहून कोकणात जाणारी एक गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. दुपारी चारच्या सुमारास ती एका बंदराच्या गावात पोचायची आणि सकाळी परत निघायची. पोचल्यावर ड्रायव्हर पाय पसरून आडवा व्हायचा. मास्तरांपुढे प्रश्न असायचा, आता काय मोजायचं? गावामागे सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार होतं. त्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली खाडीचं मुख आणि वाळूची लांब पुळण दिसायची. हिवाळ्यात संध्याकाळी समुद्रावरून कुरव यायचे आणि त्या पुळणीवर रात्रीसाठी उतरायचे. पांढरे, करड्या पाठीचे, कावळ्यापेक्षा मोठे. मास्तरांनी मोजायला सुरुवात केली आणि एका शंभरपानी वहीत लिहायलाही.

"का मोजता?" मी एकदा विचारलं होतं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विनातिकीट चढलो आहे. "इतक्या लांबनं आल्याती. कुणीतरी नोंद नगं व्हय?"

त्या सुमारास मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालणं मला जमेना, म्हणून मी एक मोठी दुर्बीण विकत घेतली. दुर्बिणीचं पुढे काय करायचं याचा विचार केलेला नव्हता. मास्तरांनी मुक्कामी गाडीची आणि पुळणीची गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं, देवानेच हा माणूस दुकानात पाठवला. रिटायर झाल्यावर त्यांचं तिकडे जाणं बंद पडलं होतं. मी म्हणालो, "जानेवारीत जाऊ या की. माझ्या गाडीने."

"एष्टीनं," ते म्हणाले.

त्या पहिल्या जानेवारीत मी एसटीत चढलो तो दुर्बीण, तिचं तीन पायांचं तिकाटणं, घडीची खुर्ची, थर्मास, पक्ष्यांची तीन पुस्तकं आणि उन्हाची टोपी घेऊन. मास्तरांकडे एक पिशवी होती. पिशवीत वही, टॉवेल, भाकरीचं गाठोडं आणि एक गंजका तिकीट-पंच. तिकिटाची मशीन आल्यावर सगळ्यांचे पंच गेले, पण यांनी जुन्या बाजारातून एक हुडकून आणला होता. मोजताना ते तो खडकावर टकटक वाजवायचे. दर टकटकीला दहा पक्षी. घाटात मला गाडी लागली. मास्तरांनी मला खिडकीची जागा दिली आणि मागे बघत पुटपुटले, "एकुणचाळीस. त्यात तीन हाफ." पुढे सड्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या वहिनींनी आम्हाला बघून विचारलं, "शूटिंग आहे का?" ते सगळं सामान मी दोन खेपांत वर चढवलं होतं.

मास्तरांनी माझ्या दुर्बिणीतून एकदा पाहिलं. "नळकांडं हाय," म्हणाले आणि परत दिलं. त्यांचं मोजणं नुसत्या डोळ्यांनी चाले. थवा बसला की ते त्याच्यावरून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायचे आणि सांगायचे, "तीन गाड्या आन् उभं अकरा. लिवा."

एक गाडी म्हणजे एसटीच्या चव्वेचाळीस जागा. मी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. एकशे त्रेपन्न.

"एकशे त्रेचाळीस," समुद्रावरची नजर न काढता मास्तर म्हणाले.

पक्ष्यांच्या जातींशी त्यांना फार देणंघेणं नव्हतं. मी पुस्तक उघडून तपकिरी डोक्याचा कुरव, काळ्या डोक्याचा कुरव असं वाचून दाखवायचो. ते म्हणायचे, "व्हय, आसंल." पण पंखांवर तपकिरी ठिपके आणि शेपटीला काळी पट्टी असलेली यंदाची पिल्लं त्यांनी पहिल्यापासून वेगळी काढलेली होती. वहीत दोन रकाने होते. फुल आणि हाफ. नंतर मी एका जाणकाराला ती जुनी वही दाखवली तर तो खुर्चीतून उठला. पिल्लांची अशी सलग नोंद त्याने कुणाकडे पाहिली नव्हती. मी नम्रपणे हसलो. जसं काही ते मीच सुचवलं होतं.

त्याच दौऱ्यात मी एक दुर्मीळ पक्षी शोधला. दूर पाण्यावर एकटाच बसलेला, मान आखडलेली, पाठ पिवळसर. मी चाळीस मिनिटं दुर्बिणीला चिकटून होतो. टिपणं काढली. बुडी मारत नाही. आवाज नाही. अत्यंत संयमी वर्तन. मास्तर वहीत आकडे टाकत होते. शेवटी मी म्हणालो, "मास्तर, हा आपल्याकडे प्रथमच नोंदला जातोय बहुतेक."

त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "शेठ, थर्माकोल हाय त्यो. जाळ्याचा."

"नक्की?"

"तिकीट मागून बगा."

मी ते पान फाडलं. मास्तरांनी त्याचा बोळा उचलून पिशवीत ठेवला, कारण सड्यावर कचरा करायचा नसतो. आणि मग शांतपणे एक वाक्य बोलले, ते मला पुढे फार महागात पडलं. "दिसलं ती लिवायचं. आसंल वाटलं ती न्हाई."

पहिल्या वर्षी आकडा आला नऊशे चार. दुसऱ्या वर्षी आठशे ब्याण्णव. तिसऱ्या वर्षी सातशे आठ. मास्तर जरा गप्प झाले. चौथ्या वर्षी पाचशे छत्तीस. मी मात्र गप्प नव्हतो. माझ्यातला अभ्यासक आता कुठे जागा झाला होता. पक्षी भरपूर असले तर अभ्यासकाला कोण विचारतो? कमी होऊ लागले की सगळे विचारतात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. दर डिसेंबरात, निघायच्या आधी, मी मास्तरांचे डोळे तपासत असे. दुकानातल्या खुर्चीत बसवून समोरचा तक्ता वाचायला लावायचो. ते शेवटची ओळ वाचायचे आणि तिच्याखाली बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवायचे. मी त्यांच्या खांद्यावर थाप मारायचो. "मास्तर, विशीतल्या पोराची नजर आहे तुमची." चारचौघांतही सांगायचो. आमचा आकडा पक्का का, तर मोजणाऱ्याचे डोळे मी स्वतः तपासलेले आहेत.

पाचव्या वर्षी सड्यावर वहिनींनी उजव्या बाजूने चहाचा ग्लास पुढे केला आणि मास्तरांच्या हाताचा धक्का लागून तो सांडला. असं त्या दिवशी दोनदा झालं. मी वहिनींना म्हणालो, "ते मोजण्यात असले की त्यांना कशाचं भान नसतं." संध्याकाळी कुरव उतरले. मास्तर तीनशे एक्क्याण्णव म्हणाले. मी कधी नव्हे ते, वेळ जात नव्हता म्हणून, दुर्बिणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पक्षी मोजला होता. माझे भरले आठशे सहासष्ट. मी आकडा वहीत लिहिला आणि भीतभीत त्यांना दाखवला.

"शेठ, तुमी एकच पाखरू दोनदा धरताय," ते म्हणाले. रागाने नाही. नव्या कंडक्टरला समजवावं तसं. "डबल तिकीट फाडताय."

मला ते लगेच पटलं. स्वतःच्या दुकानातल्या फ्रेमा ज्याला मोजता येत नाहीत त्याने समुद्रावर काय दिवे लावायचे? मी आठशे सहासष्टवर काट मारली आणि तीनशे एक्क्याण्णव लिहिले. टपरी आवरता आवरता वहिनी म्हणाल्या, "कमी कुठे झालेत पक्षी? संध्याकाळी नुसता कालवा असतो इथे." मी त्यांना समजावून सांगितलं की रोज बघणाऱ्याला फरक जाणवत नाही, त्यासाठी शास्त्रीय मोजणी लागते. त्या मान डोलवत भांडी विसळत राहिल्या.

फेब्रुवारीत आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या मंडळात माझं व्याख्यान झालं. विषय होता, 'कुठे गेले कुरव?' पडद्यावर लाल रेघ वरून खाली धडाधड घसरत येत होती. मी कारणं सांगितली. तापमानवाढ, प्लास्टिक, यांत्रिक मासेमारी. मोबाइलचे टॉवर मी ऐन वेळी घातले, कारण अध्यक्षांचा त्यांच्यावर फार राग होता. शेवटी शाल-श्रीफळ मिळालं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात माझा दुर्बिणीसह फोटो आला आणि खाली 'कुरवांची संख्या निम्म्याहून खाली'. कोळेकर मास्तरांचं नाव बातमीत नव्हतं. मी ते पाठवायला विसरलो होतो. विसरलो होतो असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मार्चमध्ये मास्तरांना कुपवाडात एका मोटरसायकलीने उडवलं. शिफ्ट सुटायची वेळ होती, रस्त्यावर कारखान्यांतल्या माणसांच्या दुचाक्यांचा लोंढा. मास्तर दूध आणायला पलीकडे चालले होते. मनगट मोडलं, बाकी खरचटण्यावर निभावलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो मोटरसायकलवाला, एक बापडा टर्नर, हात जोडून उभा होता. "आवं, हार्न मारला. मी आपल्या बाजूनंच येत हुतो. ह्ये सरळ पुढ्यात आलं की."

मास्तर प्लास्टर बघत म्हणाले, "गाडी कुटनं आली कळलंच न्हाई. रस्ता मोकळा हुता."

हे ते तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकताना मला सड्यावरचा सांडलेला चहा आठवला.

दोन दिवसांनी मी त्यांना दुकानात आणलं. तक्ता लावला नाही. समोर बसलो. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूनं माझं बोट दिसलं की सांगा."

मी उजवीकडून बोट हळूहळू आत आणू लागलो. मास्तर टक लावून माझ्या नाकाकडे बघत होते. बोट माझ्या खांद्याच्या पुढे आलं.

"दिसलं की सांगा हं, मास्तर."

"आणा की बोट. कवाची वाट बगतोय."

बोट माझ्या गालाला टेकायला आलं तेव्हा ते म्हणाले, "हां. आलं."

डाव्या बाजूलाही तसंच झालं. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि कडेकडेने नजर विझत येते. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायला थेंब. दोन मिनिटांची बोटांची तपासणी मी पाच डिसेंबरांत एकदाही केली नव्हती. त्यांना शेवटची ओळ वाचता येते याचंच मला कौतुक होतं.

परतताना रिक्षा विजयनगरला आली तेव्हा मास्तर म्हणाले, "किती सालं झाली आसतील म्हणलं डाक्टर?"

"तीन-चार तरी."

"म्हंजे पाखरं कमी न्हाई झाली."

मी मांडीवरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी केली.

"कडंची दिसलीच न्हाईत मला." मग रस्त्याकडेच बघत, "तुमी दरसाली तपासत हुता की, शेठ."

एवढंच. याच्यावर ते पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

महिनाभर ते आले नाहीत. मी दोनदा कुपवाडला गेलो, दोन्ही वेळा काकी म्हणाल्या, झोपल्यात. सकाळी अकरा वाजता. मग एका सकाळी दुकान उघडतोय तो मास्तर पायरीवर हजर. काकींनी रिक्षात बसवून दिलं होतं. मांडीवर वह्या. त्यांनी शेवटच्या तीन वर्षांच्या प्रत्येक पानावर, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पट्टीने तिरकी रेघ ओढली होती आणि रेघेवर लिहिलं होतं, 'रद्द. मा. कोळेकर.' प्लास्टर नुकतंच निघालेल्या हाताची सही वेडीवाकडी आली होती.

"सगळं कशाला रद्द?" मी म्हणालो. "अंदाज म्हणून राहू दे की."

"आंदाज लिवायला मी गेलतो व्हय तितं?"

पाचव्या वर्षाचं पान त्यांनी माझ्यासमोर धरलं. माझा आठशे सहासष्ट, काट मारलेला, काटेखालून स्वच्छ वाचता येत होता. त्यांनी त्याच्याभोवती गोल केला होता. "ह्यो एकच खरा हाय तीन सालांत. तुमचा." मी जन्मात एकदा बरोबर मोजलं होतं आणि ते स्वतःच्या हाताने खोडलं होतं. मला हसू आलं, मास्तरांना आलं नाही.

"चला," ते उठले. "त्या मंडळात जायचं. पेपरवाल्याकडं बी."

मी खूप टाळाटाळ केली. एप्रिलचं ऊन, मंडळाची सहल, अध्यक्षांचे गुडघे. मास्तर रोज दुकानात येऊन स्टुलावर बसू लागले. काही बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की मोजायचे. पाचव्या दिवशी मी अध्यक्षांना फोन केला.

सभागृह तेच, माणसं तीच. मी छान तयारी केली होती. "काही तांत्रिक कारणांमुळे आमच्या आकडेवारीत किंचित—"

"तांत्रिक न्हाई," पहिल्या रांगेतून आवाज आला. मास्तर उभे राहिले होते. "डोळा. माझा डोळा गेल्याला, आमाला कळलं न्हाई. पाखरं हुती, मला दिसली न्हाईत."

सभागृहात चुळबुळ झाली. एकाने विचारलं, "म्हणजे पक्षी कमी झालेले नाहीत?"

"ती बी म्हाईत न्हाई. वाढली का घटली, कायच म्हाईत न्हाई. तीन साल आमी गेलोच न्हाई आसं धरा."

"आणि मोबाइल टॉवर?" अध्यक्षांनी कळवळून विचारलं.

मास्तर माझ्याकडे वळले. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी म्हणालो की टॉवर मी मनाचे घातले होते. मागच्या बाजूला कुणीतरी मोठ्याने हसलं आणि मग सगळेच हसले. मी शाल घडी करून सोबत आणली होती, ती पुढे केली. श्रीफळाचं काय करणार, त्याची चटणी कधीच झाली होती. अध्यक्षांनी शाल घेतली नाही. म्हणाले, "राहू द्या, थंडीत तिकडे लागेल." त्यानंतर मला तिथं कुणी व्याख्यानाला बोलावलेलं नाही. पेपरातला खुलासा चार ओळींचा आला, एका हरवलेल्या बैलाच्या जाहिरातीखाली. त्यात मात्र मास्तरांचं पूर्ण नाव होतं. या वेळी मी ते पाठवायला विसरलो नव्हतो.

तिथून बाहेर पडताना मी त्यांच्या कोपराला धरलं होतं, कारण पायऱ्या होत्या. मी विचारलं, "मास्तर, माझ्यावर राग आहे का?"

"हाय की," ते म्हणाले.

दोन पायऱ्या उतरल्यावर मास्तर म्हणाले, "पर जानेवारीत तितं बसायचं कुणाशेजारी मग?"

आणि जानेवारीत आम्ही गेलो. काकींनी मला बजावलं, "हाताला धरून न्ह्या. लय आडमुठं हाय त्ये." एसटीत मास्तर यावेळी खिडकीशी बसले. सड्यावर चढताना त्यांनी माझा खांदा धरला आणि दर वीस पावलांना थांबून ते सांगत राहिले, कितवं पाऊल ते. आता मोजायचं कसं, हा प्रश्न मला सांगलीपासून छळत होता. मी मोजणार आणि ते लिहिणार असं मी मनाशी ठरवलं होतं, पण म्हणायचा धीर होत नव्हता.

त्यांनी आधीच ठरवलं होतं. "तुमचं नळकांडं लावा," म्हणाले. पुळणीच्या अलीकडे समुद्रात एक काळा खडक आहे. दुर्बीण त्याच्या टोकावर रोखून तिकाटणं घट्ट करायला लावलं. "आता हलवायचं न्हाई. आदी मी गाडीत आत बगून मोजायचो. आता दारात उबा ऱ्हाणार. खडकावरनं आत जाईल त्यो आपला. बाकीच्यांची नोंद न्हाई."

दुर्बिणीतून सगळ्यांनाच तेवढंच दिसतं, वाटीएवढं गोल आभाळ. त्यात माझी नजर आणि त्यांची नजर सारखीच होती. हे एका चष्मेवाल्याला सुचायला हरकत नव्हती. मास्तर खुर्चीत बसून डोळा लावून राहिले. माझ्याच घडीच्या खुर्चीत. मी वही घेऊन खाली कातळावर. "फुल. फुल. हाफ. फुल, फुल." मी रेघा ओढत होतो. वही नवी होती. पहिल्या पानावर त्यांनी सांगून लिहून घेतलं होतं, 'मोजण्याची रीत बदलली. मागल्या आकड्यांशी ताडू नये.' वहिनींनी चहाचा ग्लास आणला आणि कुणी न सांगता त्यांच्या हातात नीट दिला, बोटं मिटेपर्यंत सोडला नाही.

दोन संध्याकाळी आम्ही मोजलं. तीनशे बारा आणि दोनशे सत्त्याण्णव. जास्त की कमी, हे कळायला आणखी काही वर्षं लागली असती. मास्तरांना ती मिळाली नाहीत. एप्रिलमध्ये आटपाडीला भावाकडे जत्रेला गेले होते, तिथं दुपारच्या झोपेतून उठले नाहीत.

त्या दुसऱ्या संध्याकाळी, साडेसहाला, त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला आणि मनगट समोर धरून घड्याळ पाहिलं. "झालं. बंद करा." मी बेरीज करू लागलो. सूर्य पाण्यात गेला होता, पुळण पांढुरकी दिसत होती आणि तिच्यावर कुरवांचा गलका चालला होता. तेवढ्यात एक उशीर झालेलं पाखरू खडकावरून आत आलं. अगदी खालून, एकटंच.

"मास्तर, आणखी एक. हाफ आहे. लिहू?"

"न्हाई. येळ झाली."

मी वही मिटली. पण मास्तरांनी मान वर केली. एवढ्या वेळात त्यांनी त्याला नुसत्या डोळ्यांनी धरलं होतं. कडेचं दिसत नव्हतं, म्हणून ते सबंध मान वळवत होते. पाखरू जाईल तशी हळूहळू, डावीकडून उजवीकडे, त्याला नजरेच्या मधोमध ठेवत. पाखराने पुळणीवर एक चक्कर मारली, मास्तरांनीही मारली. मग ते पंख उचलून, पाय पुढे करून, थव्याच्या कडेला उतरलं.

"लय झाक उतरलं," मास्तर म्हणाले, आणि अंधारून येईपर्यंत तिकडेच बघत बसले.